मांजराच्या पिलाची लिटर बॉक्सची सवय

घरात वाढणाऱ्या मांजराच्या पिलाने पेटीतील (लिटर बॉक्स) वाळू, माती किंवा तत्सम शोषक द्रव्यातच (लिटर) मलमूत्र विसर्जन करावे, यासाठी त्याला लावण्यात येणारे वळण. यात शिकवण्याचा भाग थोडाच असतो, कारण भुसभुशीत जागा उकरून विष्ठा पुरण्याची प्रवृत्ती पिलात उपजतच असते.

या प्रवृत्तीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. शत्रूला माग लागू नये म्हणून मांजर विष्ठा पुरते, हे जुने मत. दुसऱ्या मतानुसार ती सामाजिक खूण असून बलिष्ठ मांजरे विष्ठा उघडी ठेवतात व दुर्बल मांजरे ती झाकतात. मात्र मोकाट मांजरांच्या काही निरीक्षणांत विष्ठा राहत्या जागेजवळ पुरलेली, तर वावराच्या सीमेकडे उघडी आढळली असल्याने केवळ वर्चस्वाची उपपत्ती अपुरी वाटते. परजीवींपासून बचाव हेही कारण संभवते. बारीक कणांच्या द्रव्याची आवड पाळीव मांजराचा पूर्वज असलेल्या व कोरड्या प्रदेशात वावरणाऱ्या आफ्रिकी रानमांजराकडून आली असावी, असाही तर्क केला जातो.

सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिलाला स्वतःहून विसर्जन करता येत नाही. आई चाटून त्याला प्रवृत्त करते. पोरक्या पिलाच्या बाबतीत हे काम कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने करावे लागते. त्यानंतरच्या एकदोन आठवड्यांत पिलू उकरू लागते आणि पेटी देण्याची वेळ हीच. कोपरा हुंगणे, पंजाने जमीन खरवडणे व मागचा भाग खाली टेकवणे ही लक्षणे दिसताच, तसेच खाल्ल्यावर व झोपेतून उठल्यावर, त्याला अलगद उचलून पेटीत ठेवतात. पेटीचा काठ बुटका असावा आणि ती अन्नपाण्यापासून दूर ठेवावी. रागावल्याने पिलू माणसाला टाळून आडोशाला घाण करू लागते.

पूर्वी पेटीत राख किंवा वाळू घालत. दाणेदार शोषक मातीचा प्रसार अमेरिकेत एडवर्ड लो यांनी १९४७ मध्ये तिची विक्री सुरू केल्यापासून झाला. बेंटोनाइटयुक्त (पाणी शोषून फुगणारी चिकणमाती असलेले), ओले झाल्यावर गोळे होणारे लिटर नंतरचे. लहान पिले ते चाटतात व पोटात ते फुगण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवातीला न गोळे होणारे लिटर वापरणे इष्ट.

घाण झालेली जागा एन्झाइमयुक्त (घाणीचे विघटन करणाऱ्या) द्रावणाने धुतात. अमोनियायुक्त द्रावणाचा वास मूत्रासारखा असल्याने ते टाळतात. सवय लागलेले पिलू अचानक पेटीबाहेर जाऊ लागल्यास अस्वच्छ पेटी, बदललेले लिटर किंवा मूत्रमार्गाचा विकार यांपैकी कारण असू शकते. लघवी करताना कुंथणे किंवा रक्त दिसल्यास पशुवैद्यकाची तपासणी आवश्यक असते.