इंग्लंडमध्ये दुकानाचं काम काढताय? बिझनेस रेट्सची सवलत आधी समजून घ्या

छोटं दुकान, कॅफे किंवा सलून चालवणारी आपली मंडळी नूतनीकरण काढलं की बिझनेस रेट्स (धंद्याच्या जागेवरचा कर) वसूल करणाऱ्या कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला, घाईघाईने कळवतात, "जागा रिकामी आहे, बिल कमी करा." मग काही महिन्यांनी पूर्ण दराचं बिल येऊन पडतं. मुळात जागा चालू ठेवायची की बंद, यावर सगळं अवलंबून आहे आणि हे बिल्डरला बोलावण्याआधी ठरवायचं असतं.

तुमची ही एकच जागा असेल आणि रेटेबल व्हॅल्यू (करासाठी धरलेलं जागेचं अंदाजे वार्षिक भाडं) १२,००० पौंडांपर्यंत असेल, तर स्मॉल बिझनेस रेट रिलीफमुळे बिल शून्य येतं. पुढे १५,००० पर्यंत ही सवलत उतरत जाते. पण ती फक्त वापरातल्या जागेला मिळते. जागा रिकामी म्हणून नोंदवली की ती गेली. तिच्याऐवजी तीन महिन्यांची माफी मिळते (गोदाम-कारखान्याला सहा), आणि नंतर पूर्ण आकारणी. ज्याचं बिल आधीच शून्य आहे त्याने हा अर्ज करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. मागे काम चालू असताना दुकानाच्या समोरच्या अर्ध्या भागात खरोखर विक्री चालू असेल, तर तसं स्पष्ट कळवा. नुसते काउंटर, रॅक आणि फ्रिज पडून असतील तर त्यावरून जागा वापरात आहे असं धरत नाहीत.

तीन महिन्यांचा हिशेब हमखास चुकतो. ते जागा रिकामी झाल्यापासून मोजतात, तुमच्या लीजपासून नाही. आधीचा भाडेकरू अडीच महिन्यांपूर्वी गेला असेल, तर तुमच्या वाट्याला जेमतेम पंधरवडा उरतो. मध्ये काही दिवस दुकान उघडून नवे तीन महिने मिळवायचे, तर १ एप्रिल २०२४ पासून किमान १३ आठवडे वापर लागतो. जुन्या सल्ल्यांत अजून सहाच आठवडे सापडतात, त्यावर विसंबू नका.

काम मोठं असेल, म्हणजे छत, वायरिंग, प्लंबिंग सगळं काढून जागा उघडी केली असेल, तर रेटेबल व्हॅल्यूच कमी करून मागता येते. हे कौन्सिलचं काम नाही. रेटेबल व्हॅल्यू ठरवणाऱ्या सरकारी व्हॅल्युएशन ऑफिसच्या ऑनलाइन खात्यातून 'चेक', म्हणजे जागेची नोंद तपासण्याचा अर्ज, दाखल करावा लागतो. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने संडरलंडमधल्या अशाच एका रिकाम्या मजल्याचं १,०२,००० पौंडांचं मूल्यांकन १ पौंडावर आणलं. रंगरंगोटी आणि नव्या फरश्यांना हे लागू नाही, कितीही खर्च झाला असला तरी.

इथे बहुतेकांचं घोडं अडतं ते पुराव्यापाशी. चेक दाखल होतो त्या दिवशी जागा कशी होती हे बघतात, त्यामुळे काम संपल्यावर अर्ज करून उपयोग नाही. तारखेसह फोटो, कामाच्या तपशिलासह बिल्डरचा करार आणि परवानग्या तोडफोडीच्या आठवड्यातच गोळा करा. "बिल्डरने तोंडी सांगितलंय" हे कुणी ऐकत नाही. खात्याला जागा जोडताना रेट्सचं बिल किंवा लीज लागतं. लीज कंपनीच्या नावावर आणि बिल तुमच्या नावावर असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. चेकचा निकाल मान्य नसेल, तर 'चॅलेंज'साठी, म्हणजे मूल्यांकनाला आव्हान देण्यासाठी, चार महिने मिळतात.

धंदा चालू ठेवूनच जागा वाढवली किंवा सुधारली आणि त्यामुळे मूल्यांकन चढलं, तर इम्प्रूव्हमेंट रिलीफ आहे: वाढीव भागावर १२ महिने आकारणी नाही. ही १ एप्रिल २०२४ पासूनची. अट एकच पण कडक: कामाच्या काळात आणि नंतरही जागा त्याच रेट्स भरणाऱ्याच्या वापरात हवी. दुकान पूर्ण रिकामं केलंत की ही सवलत गेली. व्हॅल्युएशन ऑफिसचं प्रमाणपत्र आल्याशिवाय कौन्सिल ती लावत नाही.

चेक चालू असला तरी आलेल्या बिलाचे हप्ते भरत राहा. जास्तीचे पैसे नंतर परत मिळतात, पण हप्ता थकला तर समन्स निघतं आणि त्याचा खर्चही तुमच्याच माथी बसतो.