हापूसखालचा रायवळ

मे महिन्यातल्या वळवाच्या पहिल्याच सरीने आमच्या रत्नागिरीच्या दुकानातली वीज घालवली. यूपीएसची बॅटरी संपलेली, त्यामुळे आंब्याच्या पेट्यांची लेबलं अर्धी असतानाच ॲपलचा मॅक कॉम्प्युटर बंद पडला आणि वीज आल्यावर धड सुरू होईना. सफरचंदाचं चिन्ह यायचं, खाली चक्र फिरत राहायचं, पुढे काही नाही. मशीन जुनं आहे. आमचे युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट त्यावर नीट चालतात, म्हणून त्याची प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मी १०.९ या जुन्या आवृत्तीवरच ठेवली आहे. शेवटी कमांड आणि एस ही दोन बटणं दाबून ठेवून ते चालू केलं. नेहमीचा रंगीत पडदा आलाच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकू लागल्या.

माझ्याकडे कामाला येणारा पावस गावचा मुलगा शेजारी उभा होता. नुकतीच बारावी दिलेला, नजर तेज. धावत्या ओळींतल्या दोन त्याने टिपल्या.

"ताई, हा डार्विन कोण? आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं नाव इथे कशाला?"

डिस्क तपासणारी आज्ञा दिली, तिने फाइलींचा घोळ निस्तरला, अर्ध्या तासात लेबलं परत पडद्यावर आली. त्याच्या प्रश्नाला मात्र मला दोन संध्याकाळी लागल्या. त्याला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडते.

पावसच्या मुलाला कलम समजावून सांगावं लागत नाही. हापूसची कोय पुरली तर उगवणारं झाड हापूसच देईल याची खात्री नसते. म्हणून रायवळ आंब्याची कोय रुजवायची, रोप कोवळं असतानाच त्याचा शेंडा छाटायचा आणि त्यावर हापूसची काडी बांधायची. जोड एकजीव झाला की खालचं मूळ रायवळाचं आणि वरचं फळ हापूसचं. पाणी शोषणं, कातळातून वाट काढणं, झाड उभं ठेवणं हे सगळं खालचा खुंट करतो. पेटीवर नाव हापूसचं.

मॅकची प्रणाली, मॅकओएस, हे असंच कलम आहे. खिडक्या, चिन्हं, मेनू, फाँट रेखणारी यंत्रणा ही ॲपलची हापूस काडी. तिचा कोड कंपनी कुणाला दाखवत नाही. तिच्याखालच्या खुंटाचं नाव डार्विन, आणि त्याचा कोड खुला आहे. मॅकवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'यूनेम' एवढा एकच शब्द टाइप केला, तर उत्तर येतं 'डार्विन'. मॅक म्हणत नाही, ॲपल म्हणत नाही.

हा खुंट एका ठिकाणी वाढलेला नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवायला घेतली. तिची प्रत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विभागात पोचली आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी तिला स्वतःची भर घालायला सुरुवात केली. बिल जॉय या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये ती भर एकत्र करून वाटली. तिला बीएसडी, म्हणजे बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन, म्हणू लागले. १९८३ च्या आवृत्तीत इंटरनेटवर बोलण्याची व्यवस्थाही आली. अडचण अशी होती की मूळ युनिक्सचे हक्क एटी अँड टी या कंपनीकडे होते. तिचा परवाना विकत घेतल्याशिवाय बर्कलीचं कामही वापरता येत नव्हतं.

इथे जे घडलं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. बर्कलीच्या कीथ बॉस्टिक यांनी लोकांना आवाहन केलं: युनिक्समधली छोटी छोटी साधनं, मूळ कोड न बघता, फक्त त्यांची जाहीर वर्णनं वाचून नव्याने लिहून द्या. मोबदला काय? तुम्ही लिहिलेल्या साधनापुढे तुमचं नाव. बस्स. दीड वर्षात जवळजवळ सगळी महत्त्वाची साधनं नव्याने लिहून झाली. मग बर्कलीच्या मंडळींनी गाभ्यातल्या फाइली एकेक करून तपासल्या आणि १९९१ मध्ये जवळपास पूर्ण प्रणाली खुली केली. १९९२ मध्ये त्यावर खटला झाला. १९९४ च्या जानेवारीत तडजोड झाली, तेव्हा सुमारे १८,००० फाइलींपैकी काढून टाकाव्या लागल्या फक्त ३.

बर्कलीचा परवाना फार मोकळा आहे. कोड घ्या, बदला, विका, तुमचे बदल लपवून ठेवा, काही हरकत नाही. आमची हक्कसूचना तेवढी पुसू नका. लिनक्स या दुसऱ्या खुल्या प्रणालीचा परवाना याहून कडक आहे. त्यात बदल करून तो दुसऱ्याला दिलात, तर बदलांचा कोडही द्यावा लागतो. काळ्या पडद्यावर मुलाला दिसलेली ओळ ही बर्कलीची हक्कसूचना होती: १९८२, १९८६, १९८९, १९९१, १९९३ ही वर्षं आणि 'कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रीजंट्स', म्हणजे विद्यापीठाचं नियामक मंडळ. मॅक सुरू होताना दर वेळी त्याचा गाभा ही ओळ नोंदवतो. एरवी सफरचंदाच्या चित्राआड ती दिसत नाही, इतकंच.

खुंटाचा दुसरा अंश पिट्सबर्गचा. तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८५ पासून रिचर्ड रशीद यांच्या मार्गदर्शनाखाली 'माख' नावाचा गाभा तयार होत होता. गाभा, म्हणजे कर्नल, हा प्रणालीतला सर्वांत आतला भाग. कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची, प्रोसेसर कुणाच्या वाट्याला किती वेळ, हे तो ठरवतो.

माखमधली मध्यवर्ती कल्पना आमच्या मिरकरवाडा बंदरावरच्या माणसाला लगेच कळावी अशी आहे, कारण तिचं नावच 'पोर्ट', बंदर. दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायचं असेल तर ते थेट एकमेकांच्या मेमरीत हात घालत नाहीत. निरोप बंदरावर उतरवायचा, तिथे तो रांगेत थांबतो, घेणारा येऊन उचलतो. एका बंदरावर उतरवून घेण्याचा हक्क एका वेळी एकाकडेच असतो. पाठवण्याचा हक्क मात्र अनेकांकडे असू शकतो, आणि तो हक्कच निरोपात घालून तिसऱ्याला देताही येतो. एकदाच पाठवता येईल, मग आपोआप संपेल, असाही एक हक्क आहे. उत्तर मागवताना तो सोबत धाडतात. ज्या प्रोग्रॅमकडे हक्क नाही, त्याच्या दृष्टीने ते बंदर नकाशावरच नाही. सुरक्षेची निम्मी कामगिरी इथेच होते. आज मॅकवर आपण काहीही उघडलं तरी त्यामागे असे असंख्य निरोप ये-जा करत असतात.

हे दोन अंश एकत्र आणले स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट या कंपनीने. १९८५ मध्ये ॲपल सोडल्यावर त्यांनी ती काढली. माखवर काम केलेले एव्ही टेव्हेनियन तिथे आले आणि माख व बीएसडी यांच्या जोडावर नेक्स्टस्टेप ही प्रणाली उभी राहिली. तिची यंत्रं फार खपली नाहीत. पण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जगातला पहिला वेब सर्व्हर आणि पहिला ब्राउझर लिहिला, तो नेक्स्टच्याच यंत्रावर.

तिकडे ॲपलच्या मॅकची जुनी प्रणाली थकली होती. तिच्यात एका प्रोग्रॅमच्या मेमरीभोवती कुंपण नव्हतं; एक बिघडला की सगळं यंत्र घेऊन बसायचा. प्रोसेसरही प्रत्येक प्रोग्रॅमने आपणहून सोडायचा, नाही सोडला तर बाकीचे ताटकळले. नवी प्रणाली घरीच लिहायचा 'कोपलँड' हा प्रकल्प १९९६ मध्ये सोडून द्यावा लागला आणि त्याच डिसेंबरात ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याचं जाहीर केलं, ४० कोटी डॉलरहून अधिक किमतीला. जॉब्स परतले ते असे, खुंट बरोबर घेऊन. १९९९ च्या मार्चमध्ये ॲपलने त्या खुंटाचा कोड डार्विन या नावाने खुला केला आणि २४ मार्च २००१ रोजी त्यावर बांधलेलं मॅक ओएस टेन बाजारात आलं.

डार्विनच्या गाभ्याला एक्सएनयू म्हणतात. त्याचा विस्तार सांगतात 'एक्स इज नॉट युनिक्स', म्हणजे हे युनिक्स नव्हे. पुढे २००७ मध्ये त्याच्यावर उभ्या असलेल्या मॅक ओएस टेनच्या १०.५ या आवृत्तीला युनिक्स असल्याचं अधिकृत प्रमाणपत्र मिळालं! या गाभ्यातला जोड समजून घेण्यासारखा आहे. माखच्या मूळ कल्पनेत गाभा अगदी लहान ठेवायचा आणि बीएसडीचा भाग बाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा चालवायचा होता. पण मग प्रत्येक छोट्या कामासाठी निरोप बंदरातून जाणार, आणि वेळ खाणार. एक्सएनयूमध्ये बीएसडी आणि माख एकाच मेमरीत, शेजारी शेजारी बसवले, जेणेकरून एकाने दुसऱ्याला थेट हाक मारावी. तत्त्वाला मुरड पडली, वेग मिळाला. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. बांधलेली काडी एकजीव झाली नाही तर शुद्ध जातीचा उपयोग काय?

नाव उत्क्रांती सांगणाऱ्या डार्विनचं, म्हणून २००० मध्ये जॉन हूपर यांनी त्याला एक प्राणी दिला: बदकाच्या चोचीचा प्लॅटिपस, हेक्सली. डार्विनच्या मदतनिसाचं नाव म्हणून ते ठेवलं होतं. खरं नाव हक्सली, आणि थॉमस हक्सली कुणाचे मदतनीस नव्हते, स्वतः मोठे जीवशास्त्रज्ञ होते. चूक लक्षात आली तेव्हा नाव रूढ झालेलं होतं. बदकाची चोच, अंगावर लव आणि तरीही अंडी घालणारा हा प्राणी माख आणि बीएसडीच्या या जोडाला शोभतो खरा.

"मग हे फुकट उतरवून आपल्या कॉम्प्युटरवर टाकता येईल?" मुलाने विचारलं. टाकता येईल, पण काळा पडदा आणि लुकलुकणारी खूणच मिळेल. खिडक्या काढणारा भाग, फाइली दाखवणारा फाइंडर, फाँटचं रेखाटन यातलं काही डार्विनमध्ये नाही. खुंटाला फूट येऊ शकते, तिला हापूस लागत नाही. आणि हा खुंट ज्या वाडीत वाढतो तिचं फाटकही पूर्ण उघडं नाही. ॲपल प्रणालीची आवृत्ती बाहेर काढते, कोड त्यानंतर ठेवते. रोजचं काम आतच चालतं. २००२ मध्ये ॲपलच्याच सहभागाने ओपनडार्विन नावाचा सार्वजनिक प्रकल्प सुरू झाला होता. कोड वेळेवर न मिळणं, तो बांधून चालवणं अवघड जाणं, लोकांचा उत्साह ओसरणं, अशी कारणं देऊन त्याच्या मंडळींनी २००६ मध्ये तो थांबवला. खुला कोड आणि खुलं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ॲपलने पहिलीच दिली आहे असं मी स्पष्ट म्हणेन.

तरी ती पहिली गोष्टही लहान नाही. २०१४ च्या फेब्रुवारीतलं उदाहरण मी मुलाला कागदावर लिहून दाखवलं. बँकेच्या संकेतस्थळाशी जोडलं जाताना समोर खरोखर बँकच आहे ना, हे सही पडताळून तपासणारा ॲपलचा कोड होता. त्यात 'चूक आढळली तर शेवटाकडे उडी मार' ही ओळ एका ठिकाणी चुकून दोनदा पडली होती. पहिली ओळ अटीच्या ताब्यात. दुसरी मोकळी, म्हणून चूक असो नसो, उडी ठरलेली, आणि सहीची पडताळणी होण्याआधीच निकाल 'सगळं ठीक'. एकाच वायफायवर बसलेला भामटा स्वतःला बँक म्हणवू शकला असता. आयफोनमध्ये ही चूक १७ महिने होती, मॅकच्या १०.९ मध्येही उतरली होती. कोड सगळ्यांसमोर होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खुलं आहे म्हणजे कुणीतरी वाचत असेल, हे गृहीत धरणं किती धोक्याचं! पण २१ फेब्रुवारीला आयफोनची दुरुस्ती आली, आणि कंपनीने तपशील फारसा सांगितला नसतानाही एका दिवसात जगभरच्या लोकांनी नेमकी ओळ शोधून दाखवली. मॅकची दुरुस्ती २५ तारखेला आली. तोवर धोका कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कोड बंद असता तर ती ओळ कधी कुणाला दिसली असती?

मुलाने कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या आठवड्यात एका दुपारी लेबलं छापून सुकत होती, तेव्हा त्याने आपणहून एक्सएनयूचा कोड उघडला आणि बंदरांच्या निरोपांची फाइल शोधून काढली. कोड त्याला फारसा कळला नाही, पण माथ्यावरची टीप साध्या इंग्रजीत होती. ती कार्नेगी मेलनची, १९८७ ते १९९१ या वर्षांची. हा कोड मोफत वापरा, आहे तसा देत आहोत, नुकसान झालं तर जबाबदारी आमची नाही. आणि शेवटी एक विनंती: यात काही सुधारणा केलीत तर आम्हाला परत पाठवा आणि ती पुढे वाटण्याचा हक्क द्या.

"ताई, पत्तापण दिलाय," तो म्हणाला. विभागाचं नाव, पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया आणि पिनकोड १५२१३-३८९०. त्याने तो पेटीच्या लेबलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेतला.