ग्राहक-अभिप्राय व सुविधा-मागणी (सॉफ्टवेअर व्यवसायातील)

सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या तक्रारी, सूचना व नव्या सुविधांच्या मागण्या नोंदवून घेणे, त्यांमागची अडचण समजून घेणे, कोणते काम हाती घ्यायचे ते ठरवणे आणि तो निर्णय ग्राहकाला कळवणे, अशी ही कार्यपद्धती आहे. नव्या व्यवसायात विक्री, बांधणी आणि मदत ही कामे बहुधा त्याच दोन-तीन माणसांकडे असल्यामुळे ग्राहकाचे म्हणणे लगेच पोहोचते. मात्र नोंद न होता ते विसरलेही जाते. ग्रामीण विदर्भात कृषी केंद्रे, जिनिंग कारखाने (कापसातून सरकी वेगळी करणारे) आणि पतसंस्था यांच्या सूचना बहुधा फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजी संदेशातून किंवा प्रत्यक्ष भेटीत मिळतात. त्या एकाच वहीत, शक्यतो बोलणाऱ्याच्या वऱ्हाडी शब्दांत उतरवाव्यात, कारण कार्यालयीन भाषेत घालताना नेमकी अडचण गळून पडते.

मागणी म्हणून जे सांगितले जाते तो पुष्कळदा ग्राहकाने स्वतः योजलेला उपाय असतो. ‘काटा पावती निघाल्यावर वजन बदलता आले पाहिजे,’ असे जिनिंगचा मुनीम म्हणतो. त्यामागे असे घडलेले असते, की भरलेली गाडी तोलली जाते, ती रिकामी करताना आत ओला कापूस निघतो आणि कपात त्यानंतर ठरते. मागितल्याप्रमाणे वजन बदलण्याची मुभा दिली, तर पावतीवरचा शेतकऱ्याचा विश्वास उडेल. म्हणून मूळ वजन कायम ठेवून कपात कारणासह वेगळ्या ओळीत दाखवणे हे योग्य उत्तर ठरते. ही कपात वजनात आहे की दरात, हेही नोंदीत स्पष्ट हवे. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांहून अधिक ओलावा असल्यास दर कमी होतो आणि १२ टक्क्यांपुढे कापूस घेतला जात नाही. खासगी खरेदीतली रीत निराळी असू शकते. ‘गेल्या वेळी ही अडचण आली तेव्हा काय केले?’ हा प्रश्न ‘काय हवे?’ यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

मागणारा आणि वापरणारा एकच असेल असे नाही. पैसे मालक देतो, नोंदी मुनीम करतो आणि पावती शेतकऱ्याच्या हाती जाते. या तिघांपैकी शेतकऱ्याला सहसा कोणी विचारत नाही.

जपानी अभ्यासक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार काही गुण ग्राहक गृहीतच धरतो : ते असल्याचे समाधान व्यक्त होत नाही, नसल्यास मात्र रोष होतो. वीज गेल्यावरही अर्धवट बिल शाबूत राहणे हा अशा प्रकारचा गुण आहे. मागण्यांच्या यादीत तो क्वचितच सापडतो, म्हणून केवळ मागणाऱ्यांची संख्या मोजून प्राधान्य ठरवणे अपुरे असते. शिवाय सॉफ्टवेअर सोडून पुन्हा वहीकडे वळलेला दुकानदार काहीच मागत नाही. त्याला आपण होऊन विचारावे लागते.

एका मोठ्या ग्राहकासाठी सॉफ्टवेअरची वेगळी प्रत बांधून देण्याचा मोह नव्या व्यवसायाला हमखास होतो. पुढे प्रत्येक दुरुस्ती दोन्ही प्रतींत करावी लागते आणि उत्पादन विकणारा व्यवसाय नकळत ठेकेदारीकडे झुकतो. न जमणाऱ्या मागणीला ओळखीपोटी ‘बघतो’ म्हणण्यापेक्षा कारणासह नकार देणे आणि आजच्या सोयीत काम कसे निभावता येईल ते दाखवणे अधिक सभ्यपणाचे आहे. मान्य केलेला बदलही हंगाम पाहूनच द्यावा लागतो. पेरणीच्या तोंडावर, जूनमध्ये, कृषी केंद्रात बियाण्यांसाठी गर्दी असते, तर दिवाळीनंतर जिनिंगमध्ये गाड्यांची रांग. या काळात दोषदुरुस्तीखेरीज पडद्यावरची कोणतीही मांडणी हलवू नये.

तक्रारीसोबत आलेल्या छायाचित्रांत अनेकदा शेतकऱ्यांची नावे, उधारी आणि मोबाइल क्रमांक दिसतात. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आहे. त्यामुळे अशा चित्रातील दोषापुरता भाग जपून उरलेला झाकणे आणि काम झाल्यावर मूळ चित्र मदतनिसाच्या फोनमधूनही काढून टाकणे हा या कार्यपद्धतीचाच भाग मानला पाहिजे.