पार्श्वभूमी : रीफ टाकीतला जायंट क्लॅम आणि ‘शून्य नायट्रेट’चा हट्ट

जायंट क्लॅम म्हणजे उष्ण समुद्रातल्या प्रवाळखडकांवरचा मोठा शिंपला. त्याच्या मँटलमधल्या (शिंपल्याबाहेर पसरणाऱ्या रंगीत मांसल पडद्यातल्या) सूक्ष्म शेवाळाचा अभ्यास 1928-29च्या ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेपासून नेटाने सुरू झाला. क्लॅम ते शेवाळ पचवून खातो, असा तेव्हाचा समज होता. शेवाळाने बनवलेली साखर क्लॅमला आयती मिळते, हे पुढे उलगडलं.

घरच्या रीफ टाकीची (प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या काचटाकीची) गोष्ट 1980च्या दशकापासून धरावी. मांसासाठी बेसुमार उपसा झाल्याने पॅसिफिकमधले क्लॅम संपत चालले होते, म्हणून पलाऊ आणि ऑस्ट्रेलियात त्यांची पैदास सुरू झाली. 1985 साली या संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला. पैदास होती मांसासाठी आणि समुद्रात परत सोडण्यासाठी; निळ्या-हिरव्या क्रोशिया आणि मॅक्सिमा या जातींना शौकिनांचं गिऱ्हाईक नंतर मिळालं. तिथल्या उथळ हौदांत पिल्लांना भरपूर ऊन, वाहतं समुद्राचं पाणी आणि वाढीसाठी बेताने अमोनियम खत दिलं जाई. छंदाच्या दुनियेने ऊन तेवढं लक्षात ठेवलं आणि खत विसरली.

नंतर 250 वॉटचे मेटल हॅलाइड दिवे, लाइव्ह रॉक (जिवाणूंनी भरलेला, पाणी शुद्ध ठेवणारा समुद्री खडक) आणि दणकट स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आले; 2000 नंतर नायट्रेट-फॉस्फेट (माशांच्या विष्ठेतून आणि उरल्या खाण्यातून साठणारी, शेवाळाला खत ठरणारी संयुगं) शून्यावर नेण्याची चढाओढ लागली. व्होडका डोसिंग (नायट्रेट खाणारे जिवाणू वाढवायला टाकीत थोडी व्होडका घालणं) आणि फॉस्फेट शोषणाऱ्या लोहयुक्त माध्यमांनी पाणी काचेसारखं केलं. अशा टाक्यांत क्लॅम फिका पडायचा, मँटल आखडायचं आणि शिंपल्याच्या कडेवरची पांढरी नवी वाढ थांबायची. दोष दिव्याला दिला जाई. मग ‘दोन इंचांखालचा क्लॅम फायटोप्लँक्टनशिवाय जगत नाही’ हा नियम पसरला आणि फायटोप्लँक्टनच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाच्या) बाटल्या खपू लागल्या.

या नियमावर अजून हमरीतुमरी होते. त्यामागे आधार आहे: 1990च्या दशकाच्या सुरुवातीच्या मोजमापांत जायंट क्लॅमची पिल्लं निम्म्याहून जास्त कार्बन पाणी गाळून मिळवताना दिसली, मोठ्यांत तो वाटा साधारण एक तृतीयांश होता. पण त्याच काळात हौदांतली पिल्लं वेगळ्या फायटोशिवायही वाढत होती, कारण पाण्यात नायट्रोजन होता. रोज मासे खाऊ घातले जाणाऱ्या टाकीत बाटली ही चैन आहे. नायट्रेट शून्य असेल तर ती नुसती मलमपट्टी. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (लिटरला मिलीग्रॅम) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.08 ठेवावं. नायट्रेट कमीच राहत असेल तर आधी माशांचं खाणं वाढवावं. तरीही भागलं नाही, तर 100 लिटरला 0.137 ग्रॅम शुद्ध सोडियम नायट्रेट 1 पीपीएम वाढवतं. दिवसाला याहून जास्त नको. फायटो घालायचंच तर ताजं घ्यावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि घातल्यावर तासभर स्किमर बंद ठेवावा. उबलेली बाटली म्हणजे अमोनियाला आमंत्रण.

नाशिकमध्ये 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत हॅलाइड घरच्या इन्व्हर्टरवर चालणं कठीणच होतं. एलईडीने ती अडचण सोडवली, पण अरुंद लेन्सखाली एकाच जागी प्रकाश भाजून काढतो. डेरासा आणि स्क्वामोसा या जातींना 200-250 पार (शेवाळाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतो, क्रोशिया-मॅक्सिमाला 300च्या वर लागतो. नवा क्लॅम आधी तळाशी ठेवून प्रकाश आठवड्यागणिक थोडाथोडा वाढवावा. डेरासा-स्क्वामोसा वाळूवर ठेवावेत, क्रोशिया-मॅक्सिमा खडकावर. चिकटलेला क्लॅम ओढू नये, त्याचे धागे ब्लेडने कापावेत.

इथली खरी डोकेदुखी एप्रिल-मेमधली. कोरड्या हवेत पंखा टाकी छान थंड करतो, पण पाणीही भराभर उडतं. ते भरून काढायला चुन्याची निवळी वापरणारे (लिटरला 2 ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पानाचा चुना नव्हे) इथेच फसतात. 200 लिटर पाण्यात एक लिटर निवळी क्षारता सुमारे अर्धा डीकेएच (क्षारतेचं एकक) वाढवते. रोज तीन लिटर उडाले, तर क्लॅम आणि प्रवाळ वापरतील त्याहून जास्त चुना आत जातो आणि पीएच चढतो. उन्हाळ्यात निम्मी भर साध्या आरओ पाण्याची हवी, क्षारता आठवड्यातून दोनदा मोजून 8-9 डीकेएच राखावी, कॅल्शियम 420 पीपीएमच्या आसपास. पावसाळ्यात दमट हवेमुळे पंख्याचा उपयोग घटतो. थंडीत हीटर लागतो.

क्लॅम अचानक मिटून राहू लागला तर रात्री टॉर्च घेऊन शिंपल्याची खालची कड आणि पायाची फट बघावी. तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे पिरॅमिडेलिड गोगलगाय तिथे सोंड खुपसून बसलेले असतात. टूथब्रशने ते आणि त्यांचा चिकट अंडीपुंज दोन्ही काढावं, आठवड्याने पुन्हा बघावं.

2001मध्ये भारतात हिप्पोपस (याच कुळातला आणखी एक क्लॅम), मॅक्सिमा आणि स्क्वामोसा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, गेले; दगडी प्रवाळही त्याच वर्षी. ‘फार्ममध्ये वाढवलेला आहे’ हा दुकानदाराचा नेहमीचा दिलासा इथे कामाचा नाही, यादी जातीवर आहे. 2022च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, परवान्याखालच्या परदेशी जातींसाठी नवी अनुसूची आणि नोंदणी आणली. त्यामुळे क्रोशिया किंवा डेरासा घेतानाही आयातीची कागदपत्रं हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.