मंचुरियातली रशियन रेल्वे म्हणजे नुसता शॉर्टकट? छे!
चायनीज ईस्टर्न रेल्वे, म्हणजे मंचुरियातून (ईशान्य चीनमधून) गेलेली ही लाइन, म्हणजे रशियाच्या पूर्व टोकाच्या व्लादिवोस्तोक बंदराला लवकर पोचायचा शॉर्टकट, तोही खासगी कंपनीचा, असं अजूनही सर्रास ठोकून दिलं जातं. शॉर्टकट होता हे खरंय, पण कंपनी नावालाच हो, 1896 च्या चीनबरोबरच्या करारानंतर काढलेली, सगळी सूत्रं रशियाचे अर्थमंत्री वित्ते यांच्या खात्याकडे. जमीन चीनची, पण रुळांलगतच्या पट्ट्यात पोलीस रशियन, कोर्ट रशियन, आणि हार्बिन शहर तर 1898 मध्ये या लाइनसाठीच वसवलं. रूळही रशियन मापाचे, 1524 मिलिमीटर. म्हणून तर 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात जपानने या लाइनचा दक्षिणेकडचा फाटा हातात येताच रूळ सरकवून आपल्या 1067 मिलिमीटरच्या मापावर आणले, नाहीतर त्यांच्या गाड्या धावणार कशा?