ऐकलेला खर्ज कागदावर

माझ्याकडे बेस गिटार शिकायला येणारा एक मुलगा ऑर्केस्ट्रात वाजवतो. गणपती, नवरात्र, लग्नाचा हंगाम, सगळीकडे. त्याची सगळी गाणी कानाने उचललेली आहेत. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी तो अडत नाही. पण पुढ्यात स्टाफ नोटेशनचा, म्हणजे पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीचा, कागद ठेवला की त्याचा चेहरा पडायचा. नोटेशनचं पहिलं पुस्तक त्याने दोनदा सुरू करून सोडलं होतं. कारण उघड होतं. त्यातले धडे मोकळ्या तारेवर चार-चार ठोके वाजवायला सांगतात, आणि हा मुलगा त्याहून कितीतरी अवघड गोष्टी स्टेजवर गप्पा मारत वाजवतो.

मग एकदा मी क्रम उलटा केला. तो नेहमी वाजवतो अशा एका गाण्यातल्या बेसचे चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढले आणि गाण्याचं नाव न सांगता कागद त्याला दिला. पहिल्या बारमध्ये तो एकेक ठिपका मोजत राहिला. दुसऱ्या बारच्या मध्यावर बोटं त्याच्या आधी पुढे निघाली आणि तो ओरडलाच, “ताई, हे तर मला येतं!” पाचव्या बारपासून पेन्सिल त्याच्या हातात दिली. तेव्हापासून माझी खात्री आहे, की ज्याचा कान तयार आहे त्याने वाचनाची सुरुवात अनोळखी पुस्तकातून करू नये. ऐकून पाठ झालेला बेस स्वतः लिहून काढावा.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. अडचण सुरू होते ती खर्जापासूनच. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे खालचा ई (पाश्चात्त्य संगीतात स्वरांना ए ते जी अशी अक्षरं असतात), सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते, म्हणजे 41 हर्ट्झ. पुढच्या तारा ए 55, डी 73 आणि जी 98 हर्ट्झच्या. आपला कान या भागात फार मंद आहे. शांत खोलीत 1000 हर्ट्झचा सूर 2-3 डेसिबलला ऐकू येतो. 40 हर्ट्झचा सूर नुसता जाणवायलाच सुमारे 50 डेसिबल लागतात. शिवाय बेसच्या बरोबरीने किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, वाजत असतो. त्याचा धक्का त्याच पट्ट्यात येतो आणि सुराची सुरुवातच झाकून टाकतो.

मग मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही बेस कळतो तो कसा? त्या स्पीकरमधून 41 हर्ट्झ बाहेरच पडत नाहीत. पण तार छेडली की 41 बरोबर 82, 123, 165 असे तिचे पटीतले स्वरही वाजतात. या पटींमधलं अंतर पाहून मेंदू मूळ सूर स्वतःच भरून काढतो. टेलिफोनवर आपण हे वर्षानुवर्षं अनुभवलंय. जुन्या लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झएवढाच आवाज जायचा, तरी 110 हर्ट्झला बोलणारे काका फोनवर बाईच्या आवाजात बोलताहेत असं कधी वाटलं नाही. ऑगस्ट सीबेक यांनी 1841 च्या सुमारास सायरनवर प्रयोग करून हे दाखवलं होतं, आणि त्यावरून त्यांचा गेऑर्ग ओमशी मोठा वाद झाला. विजेच्या रोधाचा नियम ज्यांच्या नावाने आपण शाळेत शिकतो, तेच हे ओम.

लिहिणाऱ्याला मात्र हा मेंदूने भरलेला सूर कधीकधी फसवतो. सप्तक चुकतं. 41 चा ई की 82 चा ई, हे छोट्या स्पीकरवर ठरवता येत नाही. सूर ओळखणारी सॉफ्टवेअरही नेमकी इथेच घसरतात, कारण बेसच्या आवाजात मूळ सुरापेक्षा दुसरी पट बऱ्याचदा जास्त ठळक असते. म्हणून पहिली अट, कान झाकणारे चांगले हेडफोन.

दुसरी अडचण वेळेची. खालचा ई आणि त्याच्या शेजारचा एफ यांच्यात फरक आहे जेमतेम अडीच हर्ट्झचा. एवढे जवळचे दोन कंप वेगळे ओळखायचे तर ढोबळ हिशोबाने 1 भागिले 2.5, म्हणजे 0.4 सेकंद आवाज हवा. आता लय मिनिटाला 96 मात्रांची धरा. मात्रा 0.625 सेकंदाची, आणि तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सेमीक्वेव्हर, 0.16 सेकंदाचा. एवढ्यात ई आणि एफ वेगळे कळायलाच नकोत. तरी कळतात, कारण पुन्हा त्या पटीच धावून येतात. चौथ्या पटीला ई होतो 165 आणि एफ होतो 175. तिथे फरक दहा हर्ट्झचा आहे आणि 0.1 सेकंद पुरतो. खर्जातला सूर आपण ओळखतो तो बहुतेक वेळा त्याच्या वरच्या नातेवाइकांवरून.

जुन्या टेपवाल्यांना ही गोष्ट हाताला ठाऊक होती. टेप दुप्पट वेगाने फिरवला की सगळं एक सप्तक वर जातं आणि बेस मधल्या सप्तकात येऊन स्वच्छ बोलायला लागतो. लय मात्र दुप्पट होते. अर्ध्या वेगाने फिरवला तर उलटं. लय हाताशी येते, पण 41 चा ई 20 वर जातो आणि ऐकायला काही उरतच नाही. लय आणि सूर एकमेकांपासून सोडवायचं गणित बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनसंस्थेतल्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी 1966 मध्ये मांडलं. त्याला फेज व्होकोडर म्हणतात. आज कुठल्याही प्रॅक्टिस ॲपमध्ये गाणं निम्म्या वेगात त्याच पट्टीत ऐकता येतं, किंवा तीच लय ठेवून सप्तक वर नेता येतं, ते याच कल्पनेच्या वाटेने. मी सूर शोधताना सप्तक वर नेते. तालातली जागा शोधताना मात्र मूळ वेगाकडे परत येते, कारण हळू केलेल्या आवाजात ठोक्याची कडा पसरते आणि सूर नेमका कुठे सुरू झाला ते कळेनासं होतं.

आता गाण्यातून बेस वेगळा काढून देणारी साधनंही आली आहेत. डीझर कंपनीने 2019 मध्ये स्प्लीटर नावाचं साधन सर्वांना खुलं केलं, त्यानंतर आणखी चांगली आली. जरूर वापरावीत. पण त्या वेगळ्या काढलेल्या बेसमध्ये किक ड्रमचे तुकडे राहतात, आणि बेसच्या हलक्या, अर्ध्या दाबलेल्या नोट्स कधीकधी गायब होतात. बेसचा सगळा झोका त्या हलक्या नोट्समध्ये असतो. म्हणून शेवटचा निकाल मूळ रेकॉर्डिंग ऐकूनच द्यायचा.

लिहून काढावा असा बेस कुणाचा, असं विचारलं तर मी जेम्स जेमरसनचं नाव घेते. 1936 साली साउथ कॅरोलायनात जन्मलेला हा माणूस डेट्रॉइटला आला, डबल बेस (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) शिकला, आणि मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या घरवजा स्टुडिओत साठच्या दशकातली असंख्य गाणी त्याने वाजवली. हातात 1962 चा फेंडर प्रिसिजन बेस, त्यावर गुळगुळीत वेढ्यांच्या जाड तारा, त्या वर्षानुवर्षं न बदललेल्या, आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. त्यामुळे सूर गोल यायचा आणि लगेच विझायचा. उजव्या हाताची एकच तर्जनी वापरायचा. सोबतचे वादक त्या बोटाला हुक म्हणत. मोटाउनच्या अल्बमवर साथीदारांची नावं छापायची पद्धतच नव्हती. त्याचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं 1971 मध्ये. जगभरचे बेसवादक ज्याच्यावरून शिकत होते त्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं, हे वाचताना मला अजून वाईट वाटतं. जेमरसन 1983 मध्ये गेला. पुढे 1989 मध्ये ॲलन स्लट्स्की यांनी त्याचे बेस ऐकून स्टाफवर उतरवले आणि त्याच्या चरित्रासह प्रसिद्ध केले. तोवर जे फक्त कानांत होतं ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं.

जेमरसन लिहायला बसलं की नोटेशन काय सांगतं आणि काय सांगत नाही ते नीट कळतं. बेसवरचा जी घ्या. तो पहिल्या तारेवर मोकळा मिळतो, डीच्या तारेवर पाचव्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला), एच्या तारेवर दहाव्या आणि ईच्या तारेवर पंधराव्या फ्रेटला. चार जागा, सूर एकच. कागदावर या चारही जागांसाठी एकच ठिपका, वरच्या दोन रेषांमधल्या जागेत. टॅब नावाच्या दुसऱ्या लिपीत याच्या उलट असतं. तिथे कुठली तार आणि कुठला फ्रेट हे लिहिलेलं असतं, पण साध्या टॅबला लय नसते. मग जागा ठरवायची कशी? आवाजाच्या पोतावरून. मोकळी तार उघडी आणि लांब वाजते. जाड तारेवर वर चढून वाजवलेला सूर बोजड येतो. डबल बेसवरून आलेला जेमरसन मोकळ्या तारा भरपूर वापरायचा. मोकळी तार वाजत असते तेवढ्या वेळात डावा हात पुढच्या जागी सरकतो. हे एकदा कानाने पकडलं की अशक्य वाटणाऱ्या ओळी हाताखाली येतात.

नवख्यांना चकवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे बेस जिथे वाजतो त्याहून एक सप्तक वर लिहितात. खालचा मोकळा ई बेस क्लेफच्या (खर्जासाठीच्या स्टाफच्या) पाच रेषांखाली एका जादा छोट्या रेषेवर बसतो. खराखुरा लिहायचा तर त्याखाली अशा रेषांची शिडी उभारावी लागली असती.

सुरांपेक्षा लय लिहिणं अवघड, आणि वाचायला शिकवते तीच. ऑर्केस्ट्रातल्या मुलांना लय मोजावी लागत नाही, ती त्यांच्या पायात असते. माझ्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या पाचव्या बारमध्ये सूर सगळे बरोबर होते, पण लयीची मांडणी चुकली होती. मी काही बोलले नाही. मात्रेचे चार भाग करून टाळी देत मोजायला सांगितलं, जसं तबलजी चौगुन मोजतो तसं. तिसऱ्या मात्रेच्या आधीचा एक सेमीक्वेव्हर तो क्वेव्हर, म्हणजे अर्धी मात्रा, समजत होता, आणि चौथ्या मात्रेवरचा छोटा विराम त्याला ऐकूच आला नव्हता. पण वाजवताना तो ते दोन्ही अचूक करत होता! जे हाताला येत होतं ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा माहीत झालं.

ऐकून लिहिलेलं वाचायला सोपं का जातं, याची उत्तरं मानसशास्त्रात विखुरलेली सापडतात. 1978 मध्ये नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी दाखवलं, की छापील शब्द वाचण्यापेक्षा अर्धवट खुणांवरून स्वतः तयार केलेला शब्द जास्त लक्षात राहतो. विरामाचं चिन्ह दहा वेळा वाचणं आणि बारमध्ये कमी पडणारी पाव मात्रा भरायला ते स्वतः शोधून काढणं, यांतही तसाच फरक आहे असं मला शिकवताना दिसतं. दुसरा प्रयोग जॉन स्लोबोडा यांचा, 1974 चा. वाजवता वाजवता समोरची नोटेशन अचानक दिसेनाशी करायची आणि वादक पुढे किती नोट्स वाजवतो ते मोजायचं. चांगले वाचक सातेक नोट्स वाजवून थांबायचे, कच्चे तीन-चारवर. याचा अर्थ चांगल्या वाचकाचा डोळा हाताच्या पुढे धावतो, आणि तो ठिपके सुटे न वाचता घोळक्याने वाचतो, जसे आपण “गणपती” हा शब्द अक्षरं न जुळवता वाचतो. असे घोळके बेसवादकाच्या हातात आधीच असतात. मूळ सूर, पाचवा, सप्तक, मग खालून सरकत पुढच्या कॉर्डला. त्याला फक्त त्यांचा कागदावरचा चेहरा ओळखायचा असतो.

मुंबईला हे काम नवं नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सॉल्फेज (स्वरांची नावं घेत नोटेशन गाण्याचा सराव) आणि व्हायोलिन शिकून आलेले वादक विसाव्या शतकात इथल्या चित्रपटांच्या स्टुडिओंत भरले. संगीतकार हार्मोनियमवर किंवा गुणगुणून चाल सांगायचा. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर ती स्टाफवर उतरवून प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद करायचे, आणि वादक तो समोर ठेवून थेट वाजवायचे. शास्त्रीय संगीतात विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) उस्तादांकडून बंदिशी ऐकून स्वरलिपीत लिहीत होते, तेही याच जातीचं काम. आजच्या ऑर्केस्ट्रातल्या मुलांना ही परंपरा आपली आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. ती वाचणाऱ्यांना घाबरतात.

करून पाहायचं असेल तर गाणं तेच निवडा जे तुम्ही डोळे मिटून वाजवता. आधी बेस रेकॉर्डिंगला जुळवून घ्या. जुन्या टेपचा वेग थोडा इकडेतिकडे असतो, त्यामुळे गाणं दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी बसतं आणि माणूस स्वतःच्या कानावर शंका घेत राहतो. एका बैठकीत चार बार पुरेत. पेन्सिल वापरा, पेन नको. आधी बारच्या उभ्या रेषा आणि प्रत्येक बारचा पहिला सूर लिहा, मग लय, आणि बाकीचे सूर सर्वांत शेवटी. हलक्या नोट्ससाठी ठिपक्याऐवजी फुली.

मग तो कागद तीन आठवडे वहीत ठेवून द्या आणि रेकॉर्डिंग न लावता वाजवून पाहा. मी पहिल्यांदा लिहिलेले ते चार बार त्या मुलाने तीन आठवड्यांनी माझ्यासमोर पुन्हा उघडले. या वेळी गाणं आठवून न वाजवता तो खरोखर कागद वाचत होता. तिसऱ्या बारमध्ये थांबला आणि म्हणाला, “ताई, इथे तुम्ही एफ लिहिलाय. तो ई आहे, मोकळा.” आम्ही सप्तक वर नेऊन ऐकलं. ई होता. त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेतली, ठिपका खोडला आणि रेषांखाली छोटी रेघ मारून त्यावर नवा काढला.