गेममध्ये न टिकणारा आदित्य

आदित्य-एल१ हे सूर्याचा अभ्यास करणारं भारतीय यान ६ जानेवारी २०२४ रोजी एल१ या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं, तेव्हा बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असायचं: 'या बिंदूवर सूर्य आणि पृथ्वी यांचं गुरुत्वाकर्षण समसमान असतं.' हे साफ चूक आहे. दोघांची ओढ सारखी होते ती जागा पृथ्वीपासून जेमतेम २ लाख ६० हजार किलोमीटरवर, चंद्राच्याही अलीकडे. एल१ बिंदू आहे १५ लाख किलोमीटरवर, आणि तिथे सूर्याची ओढ पृथ्वीच्या सुमारे ३४ पट आहे!

मग तिथे नेमकं काय घडतं? हे कळायला 'केर्बल स्पेस प्रोग्राम' हा रॉकेटं बांधून उडवायचा कॉम्प्युटर गेम फार कामाचा आहे. त्याहून कामाचे आहेत खेळणाऱ्यांनीच लिहून फुकट वाटलेले त्याचे मॉड, म्हणजे गेममध्ये फेरफार करणारी जोडपुरवणी. गेमच्या 'गेमडेटा' फोल्डरमध्ये मॉडचं फोल्डर टाकायचं, गेम पुन्हा सुरू करायचा, की चक्क विश्वाचे नियम बदलतात.

मूळ गेममधला केर्बिन ग्रह अवघा ६०० किलोमीटर त्रिज्येचा, पण गुरुत्व पृथ्वीइतकंच. त्यासाठी त्याची घनता पाण्याच्या ५८ पट लागते. ऑस्मियमसारख्या जड धातूचीही २२.६ पटच असते. 'रिअल सोलर सिस्टिम' हा मॉड त्याच्या जागी खरी पृथ्वी आणि खरी सूर्यमाला आणतो. कक्षेत राहायला लागणारा वेग सेकंदाला २.३ किलोमीटरवरून थेट ७.८ वर जातो आणि कालपर्यंत दिमाखात उडणारं रॉकेट समुद्रात कोसळतं.

पण खरी गंमत पुढे आहे. हा गेम यानावर एका वेळी एकाच गोलाची ओढ मोजतो. प्रत्येक ग्रहाभोवती एक प्रभावक्षेत्र कल्पिलेलं असतं. आत असाल तर फक्त ग्रह, बाहेर पडलात की फक्त सूर्य. प्राथमिक आराखड्यासाठी अभियंतेही ही युक्ती वापरतात, त्यामुळे तिला हसण्याचं कारण नाही. पृथ्वीचं असं क्षेत्र साधारण सव्वानऊ लाख किलोमीटरवर संपतं. म्हणजे १५ लाख किलोमीटरवर ठेवलेल्या यानाला या गेममध्ये पृथ्वी दिसतच नाही. ते सूर्याच्या थोडं जवळ असल्यामुळे ३६० दिवसांत फेरी उरकतं आणि दर वर्षी पृथ्वीच्या पाच दिवस पुढे निघून जातं. एल१ नावाची जागाच तिथे नाही.

आता 'प्रिन्सिपिया' हा मॉड टाका. तो सगळ्या गोलांची ओढ एकदम मोजतो. पृथ्वी यानाला सूर्याच्या उलट दिशेला खेचते, त्यामुळे सूर्याची पकड सुमारे ३ टक्क्यांनी सैल होते. अंतर तेच ठेवून ओढ ३ टक्के घटली, तर वर्गमुळाच्या हिशेबाने फेरीचा काळ दीड टक्क्याने वाढतो. ३६० चा दीड टक्का काढून पाहा: साडेपाचच्या आसपास. यान बरोबर पृथ्वीच्या वर्षात फेरी मारू लागतं. हाच एल१.

(या मॉडमध्ये शनीची ओढही मोजली जाते, हे ऐकून साडेसातीवाल्यांनी खूश होऊ नये. ती अंतराच्या वर्गाने घटते आणि यानाची रास विचारत नाही.)

गेममधल्या जूल या महाकाय ग्रहाचे चंद्र या खऱ्या हिशेबात आपापल्या मूळ कक्षांत टिकत नाहीत, म्हणून मॉडकर्त्यांना त्या कक्षाच बदलाव्या लागल्या. एल१ही अस्थिर आहे. आदित्यला एक प्रभामंडल कक्षा, म्हणजे एल१भोवतीचा एक वळसा, पुरी करायला १७८ दिवस लागतात आणि अधूनमधून इंजिन चालवून त्याला सावरावं लागतं. मॉडमध्ये हे करताना नकाशा सूर्य-पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या संदर्भचौकटीत ठेवा. सूर्यकेंद्री चौकटीत ही कक्षा पृथ्वीच्या कक्षेलगत धावणारी साधी रेघ दिसते, वळसा दिसतच नाही. आणि मॉड टाकण्याआधी सेव्ह फाइलची प्रत काढून ठेवा.